गढूळ पाण्याचा बल्ब

पाण्याखाली न्यायच्या दिव्यात कोणता बल्ब घालावा, हे माहीत असलेला माणूस त्या वेळी लातुरात एकही नव्हता. सल्ला न देणाराही एकही नव्हता. मी मोटार वाइंडिंगचं काम करतो, पाण्यात बुडणाऱ्या मोटारी खोलून पुन्हा बांधतो, तरी दुकानासमोरचा चहावाला मला सांगत होता, "शंभराचा घाल ना सरळ." शंभराचा म्हणजे घरातला, खांबावरच्या करंटवर चालणारा. म्हणजे विहिरीत मी आणि माझ्या सोबतीला करंट. त्याला म्हटलं, तू चहा कर.

लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. दुकानावरच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहिलेलं होतं आणि खालचं उस्मानाबाद अजून दिसत होतं. बाजारातले चांगले वायरमन आणि चांगला माल नव्या कचेऱ्यांकडं चालला होता. पाऊस मात्र कुणाकडंच येत नव्हता. आमचं गाव निलंग्याकडं. पूर्वी टँकरसाठी गावकऱ्यांना उस्मानाबादेला खेटे घालावे लागत, आता लातूरला घालावे लागत. नव्या जिल्ह्याने तेवढी सोय केली होती.

गल्लीतल्या जुन्या विहिरीचे झरे केव्हाच आटले होते. टँकर यायचा, पाइप आत सोडून विहिरीतच पाणी ओतायचा आणि बाया वरून दोर टाकून शेंदायच्या. आत दोन पुरुष पाणी राहायचं, तेही टँकरचंच. माझी आई, आमची अव्वा, गावीच राहायची. लातूरला चल म्हटलं की म्हणायची, तुझ्या घरात हापशाला कुलूप हाय, मला नगं. यातून काय समजायचं ते मला आजवर समजलेलं नाही.

त्या दिवशी टँकर गेल्यावर गर्दीत वाकून पाणी शेंदताना दोराचा झटका बसला, अव्वाच्या गळ्यातला शिवदोरा तुटला आणि चांदीची डबी लिंगासकट विहिरीत गेली.

ज्यांच्यात ही रीत नाही त्यांना सांगायला हवं. आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात लिंग बांधतात, ते मरेपर्यंत उतरत नाही. मेल्यावर तळहातावर ठेवून माणसाबरोबर मातीत जातं. रोज अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, पाणी घालायचं, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं आणि मगच तोंडात काही घालायचं. माझं लिंगही माझ्या गळ्यात असतं, पण पूजा दुकान उघडायच्या घाईत, जमेल तशी. अव्वाचं तसं नव्हतं. पूजा नाही तर पाणी नाही.

सकाळच्या पहिल्या एस्टीने निरोप आला. मी गावात पोचलो तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे पडले होते. कालपासून घोटभरही पाणी तिनं घेतलं नव्हतं, आणि ऊन असं की सावलीतल्या माणसाचाही घसा सुकावा. मला काळजी वाटली आणि तिच्यापेक्षा जास्त राग आला.

मठातले स्वामी माझ्या आधीच येऊन बसले होते. भला माणूस. ते म्हणाले, "दानम्मा, नवं लिंग देता येतं. शास्त्रात सोय हाय. संध्याकाळी देतो."

अव्वा म्हणाली, "लेकरू हिरीत पडल्यालं ठाव असताना दुसरं मांडीवर घेऊ का? सांगा."

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

एरवी मोटार टाकून विहीर उपसली असती आणि दुपारपर्यंत डबी हातात आली असती. पण त्या पाण्यावर अख्खी गल्ली जगत होती. उपसा म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि अव्वाने ते म्हणूही दिलं नसतं. मग गावातला एक पट्टीचा पोहणारा म्हणाला, मी बुडी मारून गाळ चाचपतो. त्यालाही अव्वाने अडवलं.

"चाचपायचं न्हाई. माझ्या लिंगाला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई. दिसलं तर कोऱ्या कापडात घ्यायचं."

"मग मी उतरतो," मी म्हणालो. "मला तर चालंल ना?"

"तुझाबी हात न्हाई. तुझं तुझ्या गळ्यात हाय."

"अव्वा, काळ्या गाळात, अंधारात दिसंल कसं?"

"दिवा बनीव. इतक्या मोटारी बांधून राहिलास, एक दिवा होत न्हाई?"

असा तो दिवा माझ्या गळ्यात पडला. विहीर अरुंद आणि खोल, कमरेइतक्या पाण्याखालीच अंधार. चाचपायची मनाई, म्हणजे पाहण्याशिवाय उपाय नव्हता. आणि लिंग हाती येईपर्यंत ती पाणी पिणार नव्हती.

पहिला बल्ब घरातल्या हातबॅटरीचाच घेतला, वाटाण्याएवढा. बॅटरी स्कूटरच्या ट्यूबच्या तुकड्यात कोंबली, दोन्ही तोंडं आवळली, पुढं काच बसवली. अंघोळ करून, कमरेला कोरं कापड बांधून उतरलो. उतरताना वरून कस्तुराबाई म्हणाली, "पाय चांगले घासलास का बाबा? आमाला तेच प्यायचं हाय." ही आमची शेजारीण, शेतकरी घरातली, अव्वाच्या बरोबरीची. त्या दिवशीचा टँकर नुकताच ओतून गेला होता. खाली मला दिवा आहे एवढं कळलं, दिव्यापुढं काय आहे ते कळलं नाही. दम संपला, वर आलो, पुन्हा गेलो. काहीच नाही. मी ठरवलं, उजेड कमी पडतोय.

मग तसाच लातूरला परतलो. बोअरच्या केसिंगचा वीतभर तुकडा घेतला, पुढं स्कूटरच्या दिव्याची काच, मागं लाकडी बूच, फटींना एमसील, वरून रबराच्या पट्ट्या. आत बल्ब ट्रॅक्टरच्या मोठ्या दिव्याचा. लांब वायर काढून ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडायची, म्हणजे बॅटरी काठावर आणि दिवा पाण्यात. काम नेटकं झालं होतं. बादलीत बुडवून पाहिला तर बादलीच्या तळाचा गंज मोजता आला असता. मी खुशीत गावाकडं निघालो. निघण्याआधी नांदेडला फोन लावून बहिणीच्या नवऱ्याला, मन्मथदाजींना सांगितलं, की तुमच्याकडं याहून तेज बल्ब असला तर घेऊन या. ते नांदेडात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात होते आणि 'याहून तेज' म्हटलं की त्यांना दुसरं काही ऐकावंसं वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ट्रॅक्टरचा बल्ब घेऊन उतरलो. पाण्यात शिरलो आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. दुधाच्या कॅनमध्ये डोकं घातल्यासारखं. दिवा पुढं धरला तरी तेच, खाली धरला तरी तेच. स्वतःचा हात दिसेना. आणि पायाचा धक्का लागून गाळ उठला तो वेगळाच. वर येऊन काठाला धरून मी लटकत राहिलो. काठावरच्या लोकांना तो उजेड वरून फार सुरेख दिसत होता म्हणे. एकजण म्हणाला, हीर कशी पेटल्यावानी दिसली. त्याला विहिरीत ओढावंसं वाटलं.

अव्वा काठापासून जरा लांब लिंबाखाली बसली होती. तिचा आवाज बसला होता.

तेवढ्यात मन्मथदाजी आले, एस्टीतून उतरून तसेच, हातात कापसात गुंडाळलेला बल्ब. "हॅलोजन हाय," म्हणाले. "बाहेरच्या गाड्यांना येतो. ह्याच्यापुढं अंधार टिकतच न्हाई."

"दाजी, अंधार नाही, गढूळपणा आहे."

"मग जास्ती उजेड पाडायचा. उजेड आरपार जातो."

मला ते पटलं. पटलं म्हणजे पटवून घेतलं, कारण माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. हॅलोजन बसवला, काठावर पाहून घेतला, त्याच्याकडं डोळे उघडून बघवेना. उतरलो. पांढऱ्या भिंतीची जाडी दुप्पट झाली. दिवा अजून खाली नेतो तोच टक् आवाज झाला. गरम काच गार पाण्यात तडकली होती. सगळं काळं झालं. बाहेर येऊन मी तो दिवा दगडावर आपटणार होतो. दाजींनी हात धरला आणि म्हणाले, "काच जाड घ्यायला पाहिजे व्हती." जावई माणूस, काही बोलता येत नाही. मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्या वेळी मला फार असहाय वाटलं. माझी आई पाणी पाणी न करता माझ्यासमोर सुकत होती आणि मी बल्ब बदलत होतो.

तशात टँकर आला. पावसाचा थेंब न पडलेल्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला होता आणि दुपार चढत असताना टँकर दिवे लावून येत होता. त्या लोटात त्याचे मोठे दिवे म्हणजे नुसते दोन पांढरे गोळे. वळणावर ड्रायव्हरने मोठे दिवे मालवले आणि खालचे बारके पिवळे तेवढे ठेवले. तशी मला लोटातून गाडीची चाकं दिसली, रस्त्याकडेचा दगड दिसला.

मी उठून धावलो. ड्रायव्हर खाली उतरायच्या आत त्याला विचारलं, "मोठा दिवा का बंद केलास?"

"मोठा लावला की धूळच दिसते," तो म्हणाला. "रस्ता दिसत न्हाई."

हे मलाही माहीत होतं. उभ्या जन्मात किती वेळा जीपमध्ये बसून पाहिलं होतं. गढूळ पाणी म्हणजे ओली धूळ. जितका उजेड टाकशील तितका तीच परत तुझ्या तोंडावर फेकणार. आणि मी दोन दिवस तिला उजेड चारत बसलो होतो. पहिला बारका बल्बच बरोबर होता, फक्त तो मी पाणी ओतल्या ओतल्या नेला होता. गाळ बसू द्यायला हवा होता. स्वतःचं थोबाड फोडून घ्यावंसं वाटलं.

"तुझ्या गाडीचा तो बारका, पार्किंगचा बल्ब दे," मी म्हणालो. "आणि पाणी ओतू नको. गाळ खाली बसू दे."

"आन् माझी पुढची खेप? तिकडं दुसरं गाव वाट बघून राहिलंय."

"थोडा वेळ."

बाया घागरी घेऊन जमल्या होत्या. पाणी थांबवायचं म्हटल्यावर कुजबुज झाली. कुणाच्या घरी चूल अडली होती, कुणाचं लेकरू रडत होतं. कस्तुराबाईने आपली घागर उलटी करून जमिनीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसली.

"थांबू," ती म्हणाली. "दानक्का परवापासून थांबली हाय. आपल्याला काय होतंय."

एकेक करून बाकीच्याही बसल्या. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला आणि बल्ब काढून दिला. हिरवा-निळा शेंदायचा दोर काठावर गुंडाळलेला, टँकर भरलेला, त्याच्या नळातून थेंब थेंब गळतोय आणि सगळ्याजणी तो थेंब बघत बसल्या आहेत. अव्वा लिंबाखालून त्यांच्याकडं पाहत होती.

सोबत आणलेली दुसरी काच बसवली. बल्ब बोराएवढा, उजेड पिवळट. दाजी म्हणाले, "ह्याच्यात काय दिसणार?" ऊन कलेपर्यंत वाट पाहिली, मग दगडांच्या कपारीत बोटं रोवून, पाणी हलू न देता उतरलो. दिवा डोळ्यांपासून लांब, कडेला धरला.

आणि दिसायला लागलं. आधी विहिरीचे दगड, त्यांच्यावरचं शेवाळ. मग तळ. गाळ सपाट बसला होता. जुन्या रहाटाचं लोखंडी चाक अर्धं रुतलेलं. त्याला टेकून डबी. शिवदोरा गाळावर आडवा पडलेला. इतकं स्पष्ट की डबीच्या झाकणावरचा पोचा दिसला, मीच लहानपणी दाराच्या उंबऱ्यावर आपटून पाडलेला.

हात लांब केला तर मुठीत आली असती. मी हात लांब केलाही. तो डबीपासून चार बोटांवर थांबला. दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई. तुझाबी न्हाई. कमरेचं कापड सोडायला एक हात, पसरायला दोन, आणि एका हातात दिवा. दिवा गाळात ठेवला तर गाळ उठणार. मी दिवा चाकाच्या आऱ्यांत अडकवला, हलकेच, उजेड डबीवर राहील असा. कापडाची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. ती सुटेस्तोवर छातीत काही उरलं नाही. जागा कळली होती, दिवा तिथं होता, एक श्वास घेऊन परत यायचं होतं. मी वर आलो.

"दिसलं!" मी ओरडलो.

काठावर एकच गलका झाला. बायांनी टाळ्या पिटल्या, दाजींनी दोन्ही हात वर केले, स्वामींनी मोठ्याने शिवनाम घेतलं. टँकरपाशी उभ्या ड्रायव्हरला एवढंच दिसलं की मी वर आलो आणि लोक नाचायला लागले. त्याने नळाची चावी फिरवली.

सगळा टँकर माझ्या डोक्यावर आला. पाण्याच्या लोंढ्याने मी एकदा खाली गेलो, एकदा दगडावर आपटलो. "बंद कर" म्हणायला तोंड उघडलं की तोंडात पाणी. वरच्यांच्या लक्षात येईपर्यंत अर्ध्याहून जास्त टँकर रिकामा झाला होता आणि विहिरीतलं पाणी चहाच्या रंगाचं होऊन गरगरत होतं.

मी तरीही बुडी मारली. वायर धरून खाली गेलो. दिवा हाताला लागला, जळत होता, चाकात तसाच अडकलेला. त्याच्या काचेला डोळा लावला तर बल्ब दिसला. त्याच्या बाजूला डबी नव्हती, दोरा नव्हता, गाळाचा नवा थर होता. पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. मग दाजींनी दोर टाकून मला वर ओढलं.

ड्रायव्हर नळाची चावी धरूनच उभा होता. "मला वाटलं झालं," तो म्हणाला. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्याची चूक नव्हती हे मला बोलतानाच माहीत होतं, त्यामुळं जास्तच बोललो. मग माझा सगळा राग वळून अव्वाकडं गेला.

"हाताशी होतं," मी म्हणालो. "मुठीत घेतलं असतं अव्वा. तुझ्या त्या कापडापायी गेलं. आता गाळ बसायला उद्या उजाडेल. तोवर तू काय करणार? मरणार?"

अव्वा उठली. तिला नीट उभं राहवत नव्हतं. कस्तुराबाईने आधार दिला, तशी ती चालत काठापर्यंत आली आणि विहिरीत पाहत राहिली. मग तिनं वळून बायांकडं पाहिलं. दुपारपासून उलट्या घातलेल्या घागरी अजून तशाच होत्या. माझी बुडी संपल्याशिवाय कुणी दोराला हात लावला नव्हता.

"नीट बसल्यालं हाय का रे खाली?" तिनं विचारलं.

"काय?"

"लिंग. कसं हाय? कलंडल्यालं का नीट?"

"नीट आहे," मी म्हणालो. "चाकाला टेकून. डबी बंद आहे."

तिनं मान हलवली. "कस्तुरा, दोर सोड."

कस्तुराबाईने पाणी शेंदलं. गढूळच होतं. अव्वा काठावर मांडी घालून बसली, कपाळाला विभूती लावली. डावा तळहात रोज धरते तसा छातीशी धरला, रिकामा. त्याच्यावर पाणी घातलं, डोळे मिटले. ओठ हलत होते. नेहमी जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागला. मग तिनं तळहातातलं ते पाणी प्यायलं.

मठाच्या स्वामींकडं सगळ्यांनी पाहिलं. स्वामींनी हात जोडलेले होते.

"मी एकटी किती पाणी घालणार त्येच्यावर," अव्वा म्हणाली. "वाटीभर. आता टँकरच्या टँकर पडतोय. तुम्ही समद्या पिताव ते तीर्थच हाय. भरा गं, भरा. लेकरं खोळंबली."

बाया उठल्या. कस्तुराबाई काठाजवळ जाताना थांबली आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तिच्यामागच्या बाईनंही काढल्या.

मी ओल्या अंगाने तसाच उभा होतो. माझा राग गेला नव्हता. एवढंच जर करायचं होतं, तर ते परवाच का केलं नाही? हे मी तिला विचारलंसुद्धा. अव्वाने तांब्यातलं पाणी आता मोठ्या घोटांनी प्यायला सुरुवात केली होती.

"परवा मला ते हरवल्यालं वाटलं व्हतं," ती म्हणाली. "तू आज बघून आलास."

मग तिनं तांब्या माझ्यापुढं धरला, आणि माझ्याकडं नीट पाहून मागं घेतला. "तुला कशाला. तुझं दोन दिवसांत लई तीर्थ झालंय."

दाजी हसले. मला हसू आलं नाही, रडू आलं. तोंड पुसायला कोरं कापड होतं, ते वापरलं.

दाजींनी ट्रॅक्टरची बॅटरी उचलायला घेतली. वायर अजून विहिरीत गेलेली होती. "दिवा वर घेऊ का?" त्यांनी विचारलं. "खाली जळूनच राहिला असंल."

वरून काहीच दिसत नव्हतं. नुसतं चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्यात बायांच्या घागरी बुडत होत्या.

"राहू द्या," मी म्हणालो. "बॅटरी उतरेस्तोवर जळू द्या. एवढा धुंडून काढलेला बल्ब आहे, लिंगापुढं तरी लागू दे."